पांढऱ्या ओट्याचा पंचनामा

खोटं बोलणारा माणूस आपण दोन मिनिटांत ओळखतो, असं पंचनाम्यांचं म्हणणं होतं. आणि ते नुसतं म्हणणं नव्हतं, त्यांचा पोटापाण्याचा धंदाच होता तो! पंचनामे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते विमा कंपनीत नुकसानीचे सर्व्हेअर. कुणाचं दुकान जळालं, कुणाच्या घरात पाणी शिरलं, की हे टेप, टॉर्च आणि संशय घेऊन हजर. समोरचा रडत-भेकत हकीकत सांगायचा आणि हे जळक्या भिंतीवर बोट फिरवायचे, ते नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "हं. आता खरं काय ते सांगा." ऑफिसात कुणीतरी ‘पंचनामे’ हे नाव पाडलं आणि ते इतकं चिकटलं की पुढे लग्नाच्या आमंत्रणांवरसुद्धा तेच छापून यायला लागलं.

"खोटं बोलणारा नको तितके तपशील देतो आणि जमिनीकडे बघतो," हे त्यांनी घरातही इतक्या वेळा ऐकवलं होतं की शाळेत गणित शिकवणारी त्यांची बायको ते पाढ्यासारखं म्हणून दाखवायची.

तर अशा माणसाने घरातला स्वयंपाकाचा ओटा बदलायला घेतला. आता अशा कामात चूक होईल तरी कशी?

घरात माणसं तीन. पंचनामे, त्यांची बायको आणि आई. आईने उभी हयात एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली होती. अख्ख्या वॉर्डाचं दूध एका वेळी तापवायचं आणि थेंबही उतू जाऊ द्यायचा नाही, हा तिचा लौकिक. पण अलीकडे ती थोडं थोडं विसरायला लागली होती. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा आणि लोण्याची वडी चष्म्याच्या घरात! एकदा तिने किल्ली आत ठेवून दार बाहेरून ओढून घेतलं आणि बायको शाळेतून येईपर्यंत जिन्यात बसून राहिली. डॉक्टर म्हणाले, "वयाचं आहे. लक्ष ठेवा."

लक्ष ठेवायचं काम पंचनाम्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, परगावी बसून फोनवरून सुरू केलं. ताई म्हणजे कामाचा माणूस. तिने एका फोनमध्ये निर्णय देऊन टाकला. "हे बघ, आता आणखी एकदा जरी काही झालं ना, आणि तेही गॅसपाशी, तर मी गाडी घेऊन येणार आणि आईला घेऊन जाणार. माझ्याकडे दिवसभराची बाई आहे. आईने कशाला हात लावायचा नाही. नुसतं बसायचं!"

"नुसतं बसायला मी काय फुलदाणी आहे?" आई म्हणाली. पण ते ती फोन ठेवल्यावर म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज जरा बसलेलाच होता. रोज सकाळी उठून स्वतःच्या छोट्या पातेल्यात, स्वतःच्या हाताने, स्वतःपुरतं कपभर दूध तापवायचं, एवढंच राज्य आता तिच्याकडे उरलं होतं. ते गेलं की सगळंच गेलं, हे तिला कळत होतं आणि घरात बाकीच्यांनाही कळत होतं.

म्हणूनच तर नवा ओटा करायचा होता! जुना ओटा मधोमध खचला होता, त्यावर भांडी डुगडुगायची. "आईच्या सुरक्षिततेसाठी," पंचनाम्यांनी जाहीर केलं, "आपण शास्त्रशुद्ध ओटा बसवणार आहोत. निवड माझ्यावर सोडा."

दुकानात भिंतभर दगडाचे नमुने लावले होते. दुकानदार गोड माणूस. त्याने समजावून सांगितलं की हा कृत्रिम दगड, म्हणजे क्वार्ट्झ. दगडाचा चुरा आणि राळ एकत्र दाबून याच्या मोठमोठ्या लाद्या करतात.

"म्हणजे भुसा चिकटवून फळ्या करतात तसं?" आईने विचारलं.

"काकू, तसं म्हणायला... हो, पण हे कितीतरी भारी!"

आईने सगळ्या नमुन्यांवरून हात फिरवला आणि एका तपकिरी, ठिपक्याठिपक्यांच्या तुकड्यापाशी थांबली. "हा घ्या. यावर काही सांडलं-लवंडलं तरी नजरेत येत नाही."

"तेच तर!" पंचनामे गरजले. दुकानातली इतर गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "डाग लपवणारा ओटा म्हणजे खोटा दावा! डाग पडला तर तो दिसलाच पाहिजे! कुणी पाडला, कशाने पाडला, कधी पाडला, सगळं कळलं पाहिजे. पांढरा घ्या. शुभ्र पांढरा!"

बायकोलाही पांढराच आवडला होता, पण या कारणासाठी नव्हे. आईने तपकिरी तुकडा जागच्या जागी ठेवून दिला.

"फक्त एक," दुकानदार म्हणाला, "गरम भांडं थेट ओट्यावर ठेवू नका. राळ जळते. तडाही जातो."

पंचनामे त्याच्याकडे बघून हसले. तेही कसे, तर हेडमास्तर पहिलीतल्या पोराकडे बघून हसतात तसे. "अहो, जळकी स्वयंपाकघरं बघण्यात माझं आयुष्य गेलं. मला सांगता?"

तरीही परीक्षा घेतल्याशिवाय पसंती द्यायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. एक तुकडा घरी आला. त्यावर शाई सांडून झाली, लिंबू पिळून झालं, खिळ्याने ओरखडून झालं. शेवटी ‘आघात परीक्षा’ म्हणून तो कपाटाच्या उंचीवरून जमिनीवर सोडला आणि तो नेमका त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडला! तुकडा शाबूत राहिला, अंगठा काळानिळा झाला. "पास!" पंचनामे कळवळत ओरडले.

"तापलेलं भांडं ठेवून बघ की यावर," आई म्हणाली.

"आई, जे करायचंच नाही त्याची परीक्षा कशाला? नियम म्हणजे नियम!"

ओटा बसला. फिटरने पातळ फळ्यांचा साचा करून मापं नेली, चार माणसांनी ती पांढरीशुभ्र लादी मेलेल्या हत्तीसारखी जिन्यातून वर आणली, आणि स्वयंपाकघर असं उजळलं की बायकोने नवऱ्याला प्रथमच बिनशर्त "छान" म्हटलं. पंचनाम्यांनी लगेच लाकडाच्या जाड चकत्या आणल्या आणि सगळ्यांची कवायत घेतली. "गॅस बंद! भांडं उचल! चकती बघ! भांडं ठेव!" आईला तर त्यांनी हे इतक्या वेळा करायला लावलं की शेवटी ती म्हणाली, "अरे, मी इस्पितळात दुधाचे हंडे उतरवलेत." पण तिने केलं. दरवेळी बिनचूक केलं. पुढे रोज सकाळी दूध तापवल्यावर ती हाक मारून सांगायची, "बाळ, चकतीवर ठेवलंय बरं का!" त्यात थोडा अभिमान असायचा आणि थोडी भीती.

आणि मग ती दुपार आली.

बायको शाळेत. आई तिच्या खोलीत झोपलेली. पंचनामे घरी बसून अहवाल लिहीत होते, आणि आता त्यांचं एक गुपित सांगायलाच हवं. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली होती. घरात, ऑफिसात, चारचौघांत ते बिनसाखरेचा चहा घ्यायचे आणि वर दुसऱ्यांनाही साखरेचे तोटे सांगायचे. पण दुपारी घर झोपलं की हा गृहस्थ चोरपावलांनी स्वयंपाकघरात जायचा, हाताला येईल त्या भांड्यात चहा ठेवायचा आणि त्यात तीन चमचे साखर घालायचा! मग भांडं घासून-पुसून, पुरावा नष्ट करून, पुन्हा टेबलाशी येऊन बसायचा. त्या दिवशी हाताला आलं ते आईचं छोटं पातेलं.

चहा ठेवला आणि फोन वाजला. समोर एक बाई होती. तिच्या घरात गॅसवर भांडं राहून गेलं होतं, पडदा पेटला होता आणि भरपाई कधी मिळणार असं ती विचारत होती.

"भरपाई?" पंचनाम्यांचा पारा चढला. "बाई, गॅसवर भांडं ठेवून माणूस दुसऱ्या खोलीत जातोच कसा? याला अपघात म्हणत नाहीत. याला निष्काळजीपणा म्हणतात! मी तुम्हाला सांगतो, स्वयंपाकघरात भांडं चढवलं की तिथून हलायचं नाही. हलायचंच नाही! माझ्या घरात..."

ते फेऱ्या मारत बोलत होते. माझ्या घरात चकत्या कशा आहेत, कवायत कशी होते, माझी म्हातारी आईसुद्धा कशी नियम पाळते. बाई बिचारी "हो साहेब, हो साहेब" करत होती. आणि मग पंचनाम्यांच्या तरबेज नाकाला वास आला. आधी त्यांना वाटलं, फोनमधूनच येतोय!

ते धावले. पातेलं कोरडं ठणठणीत, बूड लालभडक, साखर जळून डांबर झालेली. कडेला होतं ते फडकं घेऊन त्यांनी पातेलं उचललं. फडक्यातून चटका बसला. "आई गं!" म्हणत त्यांनी ते खाली टेकवलं. चकती हातभर अंतरावर होती.

चर्र झालं. आणि मग टक् असा एक बारीक आवाज आला, नख तुटावं एवढाच.

पातेलं उचललं तेव्हा खाली तपकिरी, गोल, छान रेखीव वर्तुळ होतं. त्यातून केसासारखी बारीक चीर निघून थेट सिंकपर्यंत गेली होती. जन्मात इतका स्पष्ट पुरावा त्यांनी पाहिला नव्हता.

पुढे पंचनाम्यांनी जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याचा दावा फाडून हातात दिला असता. लिंबू चोळलं. सोडा चोळला. टूथपेस्ट चोळली. शेवटी सँडपेपर घासला. डाग तिळभरही हलला नाही, भोवतालची चकाकी मात्र गेली, आणि वर्तुळाला एक मळकं तेजोवलय आलं. मग त्यांनी पातेलं घासघासून जागेवर ठेवलं आणि ब्रेडचा मोठा डबा उचलून डागावर ठेवला.

"हा डबा इथे कुणी आणला?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

"तिथेच छान दिसतो."

तिने तो हलवायला हात घातला. "नको! तिथे हवा खेळती आहे!" पंचनामे इतक्या जोरात ओरडले की ती बघतच राहिली. पुढचे काही दिवस हा माणूस ब्रेडच्या डब्यावर पहारा देत होता. ऑफिसला उशिरा जायचा, लवकर यायचा. कुणी ब्रेड मागायच्या आत स्लाइस काढून द्यायचा. "नवरा एकदम बदलला हो!" असं बायकोने शाळेत सांगितलंही.

आज बोलू, उद्या बोलू, असं ते स्वतःला बजावत होते. पण बोलायचं म्हणजे साखरेचंही बोलायला हवं. फोनचंही बोलायला हवं. कवायतीचंही!

रविवारी बायको पुसापुशीला लागली आणि पंचनामे अंघोळीला गेले. बाथरूममध्ये त्यांना किंकाळी ऐकू आली. ते साबणासकट बाहेर आले तेव्हा डबा बायकोच्या हातात होता आणि डाग सगळ्यांच्या समोर.

बायकोने फक्त एकदा, अगदी क्षणभर, आईकडे बघितलं. मग घाईने नजर दुसरीकडे नेली. पण आईने ते पाहिलं होतं. ती सावकाश फळीपाशी गेली, तिने आपलं पातेलं काढलं आणि डागावर ठेवलं. तंतोतंत बसलं.

"माझंच पातेलं," आई म्हणाली. "म्हणजे मीच ठेवलं असणार."

"आई, तुम्हाला आठवतंय का?" बायकोने हळूच विचारलं.

"नाही गं. आठवत नाही म्हणजेच मी असणार. तुम्हा दोघांना आठवलं असतं."

पंचनाम्यांनी तोंड उघडलं. अंगावरून पाणी निथळत होतं, आणि खरं बोलायची याहून चांगली वेळ येणार नव्हती. तोंडातून शब्द आले, "लादीच्या कंपनीचा दोष असेल!"

झालं! आईलाही वाचवायचं आणि स्वतःही वाचायचं, असा तो डाव होता. दुसऱ्याच दिवशी तक्रार गेली आणि कंपनीचा तपासनीस आला. टेप, टॉर्च आणि संशय, तिन्ही घेऊन! पंचनाम्यांना आरशात बघितल्यासारखं झालं. त्या माणसाने डागावरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि म्हणाला, "हं. साखर जळलीय."

"दुधात मी चमचाभर घालते," आई कोपऱ्यातून म्हणाली.

"लादीच सदोष आहे!" पंचनामे तावातावाने म्हणाले. "या घरात शिस्त आहे. चकत्या आहेत. मी स्वतः तर या ओट्याकडे फिरकतही नाही, साधा चहासुद्धा करत नाही. विचारा कुणालाही!"

"खरंय," बायको म्हणाली. "यांनी जन्मात चहा केलेला नाही."

"घरात वयस्कर कुणी असतं का दिवसा?" तपासनिसाने विचारलं.

आईने हात वर केला. वर्गात चूक कबूल करणारी मुलगी करते तसा, कोपरातून अर्धवट.

तपासनीस तिच्याकडे बघून फार समजुतीने हसला आणि टॉर्च बंद करून निघून गेला. कंपनीने काखा वर केल्या. बायकोने ताईला फोन लावला नाही. पण ताईचा नेहमीचा फोन आला तेव्हा आईनेच तो घेतला आणि स्वतःच सांगून टाकलं. "गॅसपाशी झालं गं. तू म्हणाली होतीस तसंच."

त्यानंतर जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. आईने गॅसला हात लावणं सोडलं. फ्रिजमधलं दूध थंडच प्यायची. आधी निदान विसरल्यावर हसायची, "बघा, लोणी चष्मा लावून बसलंय!" म्हणायची, आता प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागली. "मी जेवले का रे?" "हा नळ मीच सोडला का?" न सोडलेल्या नळापाशी जाऊन ती तोटी पिळत बसायची. बशी फुटली की धावत यायची, बायकोच्या हातून फुटली असली तरी. तिचं डोकं जेवढं गेलं नव्हतं तेवढं तिने स्वतःच सोडून दिलं. एका सकाळी पंचनामे पाणी प्यायला गेले तर आई बंद गॅससमोर उभी होती, हातात रिकामं पातेलं घेऊन. त्यांना बघताच तिने ते पटकन फळीवर ठेवलं. "मी पेटवला नाही हं," ती म्हणाली. "नुसतीच उभी होते."

आता मात्र बोलायचं, पंचनाम्यांनी ठरवलं. काय व्हायचं ते होऊ दे!

ताई गाडी घेऊन आली त्या दिवशी सगळे स्वयंपाकघरात जमले होते. ताई आईच्या गोळ्या पिशवीत भरत होती. पंचनामे मधोमध येऊन उभे राहिले.

"आईला कुठे न्यायची गरज नाही. तो डाग मी पाडला."

तिघी त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"तू?" ताई म्हणाली. "तू काय करत होतास इथे?"

"चहा. दुपारचा. साखर घालून."

"अहो," बायको म्हणाली, "चहापत्ती कुठल्या डब्यात असते, सांगा बरं."

"निळ्या!"

"परवाच बदलला. आता त्यात मीठ आहे."

"परवा बदलला, पण तेव्हा निळ्यातच होती ना! ऐका माझं. चहा ठेवला, फोन आला, एका बाईचा, तिचा पडदा जळला होता, मी बोलत बसलो, मग वास आला, फडकं पातळ होतं, ते हिरव्या चौकड्यांचं, मला चटका बसला, चकती इकडे होती, मी भांडं तिकडे..."

"नको तितके तपशील," बायको हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आणि जमिनीकडे बघताय."

"लाज वाटतेय म्हणून बघतोय!"

"तुमची साखर परवाच्या तपासणीत एकदम उत्तम आली."

"तपासणीआधी मी आठवडाभर बंद करतो!"

"आणि एवढं होतं तर कंपनीच्या माणसासमोर का नाही बोललात?"

"भ्यालो."

"तुम्ही?" बायको म्हणाली. "तुम्ही भ्यालात?" आणि तिला रडूच फुटलं. ताईनेही पदर डोळ्यांना लावला. आई मात्र हसत होती, किती दिवसांनी!

"लहानपणी याने एक गोष्ट कधी कबूल केली नाही," ती ताईला म्हणाली. "चोरीचा गूळ तोंडात असायचा आणि हा नाही म्हणायचा. आणि आता बघ. आईसाठी खोटं बोलतोय."

"खोटं नाही! थांबा!" पंचनामे आता इरेला पेटले. पुरावा! पुरावाच द्यायचा! त्यांनी ते पातेलं ओढलं, घोटभर पाणी ओतलं, साखरेचे तीन चमचे घातले, निळा डबा उघडून मीठच ओतलं आणि गॅस भडकवला. "आता बघा कसं झालं ते!" तिघींना वाटलं याच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणी काही म्हणेपर्यंत पाणी आटलं, धूर झाला, वास सुटला. पंचनाम्यांनी फडक्याने पातेलं उचललं आणि सर्वांसमक्ष ते पांढऱ्या ओट्यावर दणकन ठेवलं.

चर्र! टक्!

पहिल्या वर्तुळाच्या शेजारी दुसरं वर्तुळ. "पाहिलंत?" ते विजयाने ओरडले. "अगदी तस्संच!"

"अहो, पुरे!" बायकोने त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. "नव्या ओट्यावर दुसरा डाग पाडलात! आईंवरचा आळ काढायला एवढं करायला हवं होतं का? त्यांना कुणी दोष दिलाय का?"

"अरे, तो गॅस..." आई मागे वळून म्हणाली.

"चल आई," ताईने तिचा हात धरला. "तू नको आता कशात लक्ष घालूस."

आई निमूटपणे चालायला लागली. ताईने जाता जाता धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्यासारखा मुलगा सगळ्यांना मिळो," ती म्हणाली. पंचनाम्यांना वाटलं, कुणीतरी एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

खाली गाडीत बसताना आईने काच खाली केली. "बाळ, वरचा गॅस बंद केलास ना? मला आपलं वाटलं चालू राहिला. पण मला हल्ली काहीही वाटतं."

"केला गं," पंचनामे म्हणाले. ताईचं ते वाक्यच अजून त्यांच्या कानात होतं, गॅसचं कुठे लक्षात असायला!

"मग झालं," आई म्हणाली. गाडी निघाली. ती मागच्या काचेतून बराच वेळ हात हलवत होती.

बायको खाली शेजारणीशी बोलत उभी राहिली. पंचनामे एकटेच वर आले. स्वयंपाकघरात अजून धूर कोंडला होता. त्यांनी खिडकी उघडली आणि मागे वळले. गॅस चालूच होता. पूर्ण. निळी ज्योत शांतपणे फुरफुरत होती, आणि हिरव्या चौकड्यांचं फडकं तिच्यापासून चार बोटांवर लोंबत होतं.

त्यांनी गॅस बंद केला आणि दोन डागांसमोर स्टुलावर बसून राहिले.

संध्याकाळी आईचा फोन आला. "पोचले रे. इथे सगळं छान आहे. बाईने दूधसुद्धा आयतं हातात दिलं." मग आवाज बारीक करून तिने विचारलं, "तो गॅस बंदच होता ना? रस्ताभर तेच डोक्यात होतं."

"नाही, आई. चालू होता," पंचनामे म्हणाले. "पूर्ण चालू होता. तुझंच बरोबर होतं. तुला आठवत होतं, मलाच नव्हतं. ऐकतेस ना? तुझं बरोबर होतं!"

पलीकडे आई हसली, अगदी मायेने.

"पुरे रे बाबा," ती म्हणाली. "किती सांभाळून घेशील मला?"

फोन ठेवण्याआधी ती ताईला सांगत होती, ते त्यांना ऐकू आलं. "बंदच होता गं. तो म्हणतोय चालू होता, पण मी त्याला ओळखते ना."

"काय म्हणाल्या आई?" बायकोने आतून विचारलं.

"पोचली म्हणाली," पंचनामे म्हणाले.